पाळीच्या आधी छाती का दुखते, गाठी का लागतात, आणि कुठली गाठ लगेच दाखवायची

पाळी यायच्या आठ-दहा दिवस आधी छाती जड होते, नेहमीची ब्रा टाइट व्हायला लागते, काखेच्या बाजूला नुसता हात लागला तरी कळ येते, आंघोळ करताना गाठीसारखं काहीतरी हाताला लागतं आणि मग डोक्यात नाही नाही ते विचार. मग पाळी येते आणि दोन-तीन दिवसात सगळं गायब. पुढच्या महिन्यात परत तेच. कितीतरी जणींचं हे वर्षानुवर्ष चालू असतं पण कोणाशी बोलणं होत नाही, पोटात दुखतंय हे आईला सांगता येतं, सासूला सांगता येतं, हे मात्र आपण गिळून टाकतो आणि रात्री गुपचूप मोबाईलवर शोधत बसतो.

मला हे लिहायचंच होतं कारण आपल्याकडे सगळं उलटं झालंय. दुखणाऱ्या गाठीने बायका घाबरून अर्ध्या होतात, आणि जी गाठ दुखत नाही ती "दुखत तर नाहीये ना, मग बघू सवडीने" म्हणून अंगावर काढतात. खरं तर पाळीबरोबर येणारं-जाणारं दुखणं हे बहुतेक वेळा शरीराचं नेहमीचं काम असतं, आणि काळजी करायची ती जी पाळीला जुमानत नाही त्या गाठीची, मग ती दुखो न दुखो. आत नक्की काय चालतं ते एकदा समजलं ना की हा फरक आपोआप लक्षात राहतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी रचना. स्तनात साधारण १५ ते २० भाग असतात, प्रत्येकातून एक नळी निपलकडे जाते, आणि त्या नळीला मागे फांद्या फुटत फुटत शेवटी बारीक बारीक पिशव्यांचे झुपके लागलेले असतात, द्राक्षाच्या घडासारखे. बाळ झाल्यावर दूध तयार होतं ते या झुपक्यांमधे. या सगळ्याच्या आजूबाजूला चरबी आणि धाग्यांसारखं चिवट टिश्यू भरलेलं असतं, आणि त्वचेपासून आतपर्यंत जाणारे पट्टे असतात जे स्तनाला धरून ठेवतात. ॲस्टली कूपर नावाच्या इंग्लिश सर्जनवरून त्यांना कूपरचे लिगामेंट म्हणतात, त्यांचं नाव विसरलात तरी चालेल पण ते पट्टे लक्षात ठेवा, पुढे लागणारेत.

आता पाळीचं चक्र. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. पहिल्या अर्ध्यात बीजकोशातून इस्ट्रोजेन वाढत जातं, मग बीज बाहेर पडतं, आणि बीज जिथून बाहेर पडलं तिथे उरलेल्या भागातून प्रोजेस्टेरॉन यायला लागतं. ते साधारण आठवडाभर चढतं, गर्भ राहिला नाही तर खाली येतं, आणि दोन्ही हार्मोन उतरले की पाळी येते. चक्र २८ दिवसांचंच हवं असं काही नाही, २१ ते ३५ मधे कितीही नॉर्मल धरतात. पण एक गोष्ट कामाची आहे, कमी-जास्त होतो तो बहुतेक वेळा पहिला भाग, बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ बऱ्यापैकी ठरलेला असतो, १४ दिवसांच्या आसपास. म्हणून छाती दुखण्याचा हिशोब मागच्या पाळीपासून पुढे मोजण्यापेक्षा येणाऱ्या पाळीपासून मागे मोजला तर जास्त बरोबर बसतो.

शाळेत आपल्याला गर्भाशयाचं अस्तर शिकवलं, तेही घाईघाईत, आणि स्तनांचं तर कोणी नावच घेतलं नाही. त्यामुळे आपली समजूत अशी असते की स्तनातही तेच होत असेल. तसं नाहीये, आणि मला स्वतःला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट हीच आहे. गर्भाशयाचं अस्तर वाढतं ते पहिल्या अर्ध्यात, इस्ट्रोजेनच्या जोरावर, आणि प्रोजेस्टेरॉन आलं की ती वाढ थांबते. स्तनात बरोबर उलटं, पहिल्या अर्ध्यात दुधाच्या ग्रंथी, म्हणजे वर सांगितलेले झुपके, तशा शांतच असतात आणि प्रोजेस्टेरॉन आलं की पेशींचं विभाजन जोरात सुरू होतं. म्हणजे एकच हार्मोन, एकाच बाईच्या अंगात, एकाच आठवड्यात, एका जागी ब्रेक लावतं आणि दुसऱ्या जागी वाढ करतं.

मायक्रोस्कोपखाली हे दिसतं. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात बघितलं तर झुपके छोटे, त्यांच्या भोवतालचं टिश्यू घट्ट, पेशी गपचूप बसलेल्या. तेच पाळीच्या चार-पाच दिवस आधी बघा, झुपक्यातल्या पिशव्यांची संख्या आणि आकार वाढलेला, बाहेरच्या थरातल्या पेशींमधे पोकळ्या झालेल्या, भोवतालचं टिश्यू पाणी धरून सैल पडलेलं, आणि मधे मधे एखादी पेशी दोन व्हायच्या बेतात. १९८१ साली फर्ग्युसन आणि अँडरसन या संशोधकांनी वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासून किती पेशी फुटून दोन होतात आणि किती मरतात ते मोजलं होतं. पेशी फुटण्याचं प्रमाण २५ व्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त, आणि पेशी आपणहून मरण्याचं प्रमाण त्यानंतर तीनच दिवसांनी, म्हणजे पाळीच्या तोंडावर. थोडक्यात दर महिन्याला शरीर दूध बनवायच्या तयारीला लागतं, आणि गर्भ नाही हे कळलं की काम संपल्यावर जादा माणसं कमी करावीत तशा जास्तीच्या पेशी काढून टाकतं. गर्भाशय आपलं अस्तर बाहेर टाकतं म्हणून ते आपल्याला दिसतं, स्तनातली आवराआवर आतल्या आत होते म्हणून दिसत नाही, जाणवते फक्त.

अजून एक बारकावा सांगते, थोडा किचकट आहे पण सोडवत नाही. या झुपक्यांमधल्या सगळ्याच पेशींना हार्मोन ओळखता येत नाही, दहातल्या एक-दोनच पेशींवर ते पकडायची सोय, म्हणजे रिसेप्टर असतात. आणि फुटून दोन होतात त्या बहुतेक वेगळ्याच, ज्यांच्यावर रिसेप्टर नाहीत त्या. मग त्यांना कळतं कसं? तर ज्या पेशीला हार्मोन पोचतं ती स्वतः रसायनं सोडून शेजारच्या पेशींना निरोप देते की आता वाढा. म्हणून इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉनचा ब्लड रिपोर्ट अगदी नॉर्मल असूनही एखादीची छाती प्रचंड दुखते आणि तिच्याच बहिणीला काहीच होत नाही. रक्तात किती हार्मोन आहे यापेक्षा टिश्यू त्याला कसा प्रतिसाद देतं यावर बरंच अवलंबून असतं. त्यामुळे "हार्मोन इम्बॅलन्स" असं ठोकून सांगून हजारोंच्या टेस्ट करायला लावल्या तर एकदा विचारून घ्यायला हरकत नाही की याने उपचार काय बदलणार आहे.

आणि हे जड होणं नुसतं वाटणं नाहीये बरं का. १९९० साली छापून आलेल्या एका छोट्या अभ्यासात काही बायकांचे महिनाभरात वेगवेगळ्या दिवशी एमआरआय काढले होते. स्तनातल्या ग्रंथींच्या टिश्यूचं आकारमान आणि पाणी ६ ते १५ या दिवसात सगळ्यात कमी होतं, १६ व्या दिवसापासून ते चढत गेलं, एकूण वाढ आकारमानात जवळपास ३९ टक्के आणि पाण्यात साधारण २५ टक्के, आणि पाळी सुरू झाल्यावर पाच दिवसात भराभर खाली आलं. बाया मोजक्याच होत्या त्यामुळे हे आकडे सगळ्यांना जसेच्या तसे लावू नका, पण कोणी "उगाच कौतुक करून घेते" म्हणालं तर हे लक्षात असू द्या. ब्रा टाइट होते कारण आत खरोखर जास्त टिश्यू आणि जास्त पाणी असतं.

दुखतं बहुतेक वरच्या बाजूला, बाहेरच्या कडेला, काखेकडे. कारण साधं आहे, ग्रंथी तिथेच जास्त असतात, स्तनाचा एक भाग काखेपर्यंत गेलेलाच असतो. दुखणं दोन्हीकडे असतं, पण दोन्हीकडे सारखंच असेल असं नाही, आणि कधी कधी दंडापर्यंत जातं. बोथट, जड, ओढल्यासारखं. पाळी येईपर्यंत वाढतं आणि आल्यावर उतरतं.

गाठींचं काय मग? ग्रंथींचे झुपके फुगले, भोवती पाणी धरलं, की हाताला दाणेदार, खडबडीत, दोरीसारखं लागतं, खास करून काखेच्या बाजूला, आणि चिमटीत धरलं तर नक्कीच गाठ वाटते. म्हणून चिमटीत कधीच धरायचं नाही. आडवं पडून, त्या बाजूचा हात डोक्याखाली घेऊन, दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं चपटी ठेवायची आणि गोल गोल फिरवत आधी हलकं मग जरा दाबून बघायचं, काखेपर्यंत आणि वर गळ्याखालच्या हाडापर्यंत. आणि मुख्य म्हणजे कधी बघायचं, तर पाळी संपल्यावर, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास, कारण तेव्हा टिश्यू सगळ्यात शांत असतं आणि हाताला खरं काय ते कळतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तपासत बसलात तर दर महिन्याला घाबराल.

हे मात्र सांगायला हवं की दर महिन्याला ठरवून स्वतः तपासल्याने जीव वाचतात असं मोठ्या अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या अडीच लाखाहून जास्त बायकांवर हे करून बघितलं, शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या बायकांमधे मृत्यूचं प्रमाण सारखंच निघालं, उलट साध्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या, जास्त झाल्या. म्हणून आता डॉक्टर म्हणतात की परीक्षेसारखं तपासत बसू नका, पण आपलं नॉर्मल काय आहे ते ओळखून ठेवा. मला हे पटतं. ज्या बाईला माहितीये की माझ्या डाव्या बाजूला पाळीच्या आधी नेहमीच असं दाणेदार लागतं, तिला नवीन आलेलं वेगळं काही पटकन कळतं.

आता ज्यांचं चक्र सरळ चालत नाही त्यांचं. पाळी चुकली आणि छाती जडच्या जडच राहिली तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, कारण गर्भ राहिला की प्रोजेस्टेरॉन खाली येतच नाही, मग आवराआवर होत नाही आणि वाढ चालूच राहते, कितीतरी जणींना पहिली चाहूल यानेच लागते. पीसीओडी (बीजकोशाचा हार्मोनचा त्रास) असेल तर कित्येकदा बीज सुटतच नाही, त्यामुळे वर सांगितलेलं वेळापत्रक लागूच होत नाही, दुखणं कधीही येतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर पहिले दोन-तीन महिने छाती दुखू शकते, नंतर बरेचदा कमी होतं. चाळिशीनंतर पाळी मागेपुढे व्हायला लागली की इस्ट्रोजेन एखाद्या महिन्यात खूप, एखाद्यात अगदी कमी, असं होतं आणि पाण्याच्या गाठी, म्हणजे सिस्ट, याच वयात जास्त दिसतात.

आणि पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेल्या बायका. यांचा विचार फारसा कोणी करत नाही. २०१९ मधे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारला समिती नेमावी लागली, कित्येकजणी तर अगदी तरुण. पिशवी काढली पण बीजकोश ठेवले असतील तर हार्मोनचं चक्र आत चालूच राहतं. पाळी येत नाही, पण छाती महिन्यातून एकदा दुखणार, जड होणार, आणि मोजायला तारीखच नाही. ऑपरेशनच्या वेळी बीजकोश ठेवले की काढले हे डॉक्टरांनी सांगायलाच हवं, नसेल सांगितलं तर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, कोणाकडून तरी वाचून घ्या. अशा वेळी तपासायला महिन्याची एक ठराविक तारीख धरायची, आणि काही लागलं तर दोन-तीन आठवड्यांनी परत बघायचं, तरी तिथेच असेल तर दाखवायचं.

दुखण्यावर काय करायचं तर पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टरकडून एकदा तपासून घेणं. बहुतेक जणींना काही नाहीये हे कळलं की अर्धं दुखणं तिथेच कमी होतं, हे मनाचे खेळ आहेत असं म्हणत नाहीये मी, भीतीने दुखणं वाढतंच. दुसरं, नीट मापाची, आधार देणारी ब्रा, त्या आठवड्यात रात्रीसुद्धा मऊ ब्रा घातली तर फरक पडतो. आपल्याकडे कित्येक बायका लग्नाच्या आधीचंच माप वर्षानुवर्ष दुकानदाराला सांगत राहतात, एकदा टेप लावून मोजा. तिसरं, दुखणाऱ्या जागी डायक्लोफेनॅक हे वेदना कमी करणारं जेल, याने चांगला फरक पडतो असं अभ्यासात दिसलंय, पण प्रेग्नन्सीची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर विचारल्याशिवाय नको. चहा-कॉफी सोडली की बरं वाटतं असं खूप जणी सांगतात, ठोस पुरावा नाहीये, करून बघायला नुकसान नाही. इव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल अजून सर्रास लिहून देतात, ब्रिटनमधे मात्र २००२ मधेच याचं छातीदुखीसाठीचं लायसन काढून घेतलं कारण उपयोग सिद्ध झाला नाही, त्यामुळे त्यावर महिन्याला पैसे घालवायचे का हे तुमचं तुम्ही ठरवा.

खूपच त्रास असेल, काम सुचत नसेल, तर औषधं आहेत. आपल्याकडे सेंटक्रोमॅन वापरतात, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं, म्हणजे आपली सहेली किंवा छाया नावाची गर्भनिरोधक गोळी. ती इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर काम करते, दिल्लीच्या एम्स मधल्या सर्जननी छातीदुखीसाठी ती वापरून बघितली आणि बऱ्याच जणींना आराम पडला. पण याने पाळी लांबते, डोस डॉक्टरच ठरवतात, शेजारणीने घेतली म्हणून आपण सुरू करायची नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. ती पाळीबरोबर कमी-जास्त होत नाही, पाळी गेली तरी तिथेच, पुढच्या पाळीनंतरही तिथेच. माझ्या ओळखीतल्या एक काकू वर्षभर "दुखत नाही" म्हणून गप्प होत्या, दाखवलं तोवर काखेतही गाठ आलेली. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की न दुखणं ही चांगली खूण नाहीये. त्यामुळे एक पाळी होऊन गेल्यावरही गाठ राहिली तर दाखवाच, आणि पाळी कायमची थांबल्यानंतर नवीन गाठ लागली तर तेवढीही वाट बघायची नाही, कारण तेव्हा महिन्याचं चक्रच उरलेलं नसतं. कूपरचे पट्टे आठवतायत ना, गाठ त्यांना आतून ओढते तेव्हा वरच्या त्वचेला खळगा पडतो. हात वर करून आरशात बघितलं तर तो जास्त स्पष्ट दिसतो. निपल नव्याने आत ओढलं जाणं, एकाच निपलमधून न दाबता रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं, त्वचा लाल किंवा जाड होऊन छिद्रं मोठी दिसणं, काखेत गाठ, निपलवर बरं न होणारं पुरळ किंवा खपली, यातलं काहीही असेल तर तारखा मोजत बसू नका. एकाच जागी सतत दुखणं, जे पाळी आली-गेली तरी हलत नाही, तेही दाखवायचं.

तिशीच्या आतल्या मुलींना मात्र सांगते की तुमच्या वयात सापडणाऱ्या गाठी बहुतेक फायब्रोअडिनोमा असतात, गुळगुळीत, रबरी, बोटाखालून निसटणाऱ्या, आणि त्या कॅन्सर नसतात. पण तो निर्णय सोनोग्राफीने होऊ दे, अंदाजाने नको. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमधे स्तनाचा पहिल्या नंबरवर आहे आणि पाश्चात्य देशांपेक्षा आपल्याकडे तो कमी वयात दिसतो.

तपासणी म्हणजे मॅमोग्राफीचं (स्तनाच्या एक्स-रेचं) मशीनच लागतं असंही नाही. मुंबईतल्या वस्त्यांमधे टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलने १९९८ पासून २० वर्ष एक अभ्यास चालवला, ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका, आणि त्यातल्या निम्म्या वस्त्यांमधे ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करायच्या. २०२१ मधे निकाल आले, तपासणी झालेल्या बायकांचा कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमधे मात्र तसा फरक दिसला नाही. हाताने, एका साध्या सेविकेने केलेली तपासणी! सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी करायची सोय आहे, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा, आणि आईला, काकूला, कामाला येणाऱ्या मावशींना बरोबर घेऊन जा.

डॉक्टरकडे जाताना शेवटच्या पाळीची तारीख सांगा, त्यांनी विचारली नाही तरी सांगा, कारण २५ व्या दिवशी हाताला जे लागतं ते आठव्या दिवशी नसू शकतं आणि घाई नसेल तर डॉक्टरच म्हणतात पाळी झाल्यावर परत या. मॅमोग्राफी रुटीन असेल तर पाळीनंतरच्या आठवड्यात घ्या, दाबलं जातं तेव्हा कमी दुखतं. एमआरआय सांगितला असेल तर साधारण ७ ते १४ या दिवसातली तारीख मागा, पाळीच्या आधी काढला तर नॉर्मल टिश्यूच इतकं उजळ दिसतं की वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. पण गाठ संशयास्पद असेल तर यातलं काही बघायचं नाही, मिळेल ती पहिली तारीख घ्यायची. रिपोर्टवर बायरॅड्स असा नंबर असतो, १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे आहे पण साधं आहे, ३ म्हणजे बहुतेक साधंच पण सहा महिन्यांनी परत बघायचं, ४ आणि ५ म्हणजे सुईने तुकडा काढून तपासायचं. ३ आला की बायका पहिले पंधरा दिवस रडतात आणि सहा महिन्यांची तारीख विसरून जातात, ती तारीख आत्ताच मोबाईलमधे टाकून ठेवा, आणि घरातल्या अजून एकाच्या मोबाईलमधे पण.